काकूंचं बोट

आयुष्यात मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी आहे असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. काकूंचा. त्यांचं पूर्ण नाव इथे लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, आणि रत्नागिरीत ज्यांनी कधी त्यांच्याकडून आयकराचं काम करून घेतलं आहे त्यांना ते सांगायची गरजही नाही. मिरकरवाड्यातला ट्रॉलरमालक असो, आंब्याचा बागायतदार असो की निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना काकूच म्हणत. वयाने त्यांच्याहून मोठे असलेले हेडमास्तरसुद्धा.

तुमच्यापैकी कुणी त्यांच्या टेबलासमोर बसलं असेल तर तुम्हाला ते बोट आठवत असेल. तुम्ही कागद पुढे सरकवला की काकू आधी पदराने चष्मा पुसत, मग उजव्या हाताचं पहिलं बोट कागदावरच्या एखाद्या आकड्यावर ठेवत आणि विचारत, "हे कुणाचं?"

उत्तर मिळेपर्यंत ते बोट हलत नसे. आखूड, जाडसर, नख अगदी कापलेलं बोट. त्याच्याखाली आकडा असा अडकायचा की समोरच्या माणसाला तो दुसरीकडे नेताच यायचा नाही.

माणसं आधी हसत. हे कुणाचं म्हणजे काय, माझंच. मग हळूहळू निघायला लागायचं. ट्रॉलर थोरल्या भावाच्या नावावर, समुद्रात जाणारा धाकटा, बर्फाचे आणि डिझेलचे पैसे आईच्या खात्यातून, आणि विक्रीची रक्कम जमा होते ती तिसऱ्याच्याच खात्यात. दोघे भाऊ टेबलासमोर एकमेकांकडे बघत राहायचे. त्यांनी आयुष्यात हा प्रश्न स्वतःला विचारलेला नसायचा. काकू म्हणायच्या, "घरी जा. जेवा. आईला मध्ये बसवा आणि ठरवा कुणाचं काय. मग या." मी स्वतः पाहिलं आहे, असे दोन भाऊ आठवड्याने परत आले तेव्हा रिटर्नपेक्षा मोठं काहीतरी सुटलेलं असायचं.

एकदा एका बागायतदाराने काम झाल्यावर हापूसची पेटी आणून टेबलावरच ठेवली. काकूंनी पेटीवर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

"तुमचं, काकू."

"माझं कसं? झाडं तुमची, राखण तुमची." मग त्यांनी मला बाजारातला त्या दिवशीचा भाव विचारला, पर्स काढली आणि पेटी विकत घेतली. बागायतदार बिचारा एवढंसं तोंड करून बसला. त्याला निरोप देताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आणलीत तर भाव करून घेईन हां." पुढच्या वर्षी त्याने आणलीच, आणि त्यांनी खरोखर भाव केला. तो दरवर्षीचा खेळ झाला. त्याला आंबे द्यायचे असत, त्यांना घ्यायचे असत, आणि दोघांनी मिळून त्यासाठी अशी वाट काढली होती.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो नोकरी मागायला. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला, आई गावाकडे भात आणि नाचणी करायची. बी.कॉम.चं प्रमाणपत्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रुमाल गुंडाळून नेलं होतं. इंग्रजी बोलावं लागेल या भीतीने मी रस्ताभर दोन वाक्यं पाठ करत आलो होतो. काकूंनी प्रमाणपत्र पाहिलं, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"मग असं काय धरलंस, शेजाऱ्याचं मागून आणल्यासारखं?"

पाठ केलेली दोन्ही वाक्यं तशीच राहिली. सोमवारपासून मी कामावर होतो.

काकूंचं मोठेपण मला नीट कळलं ते मात्र एका घराच्या निमित्ताने. आमच्या शहराबाहेर, कातळावर, एका कारखान्याची वसाहत आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्या वसाहतीतल्या एक बाई दिवाळीनंतर आमच्या ऑफिसात आल्या. त्यांचे यजमान कारखान्यात सुपरवायझर होते. आषाढात ड्युटीवरून घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेले. मुलगी बारावी सायन्सला. वसाहतीत सगळे त्या बाईंना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

वहिनींच्या हातात रुमालात गुंडाळलेला एक फोन होता. त्या म्हणाल्या, क्वार्टर सोडायची तर काय अर्ज करावा लागतो तेवढं सांगा. काकूंनी विचारलं, कंपनीने सोडायला सांगितली का? तर नाही. मॅनेजरसाहेबांनी उलट मुलीची परीक्षा होईपर्यंत राहा असं तोंडी सांगितलं होतं. घरखर्चाला म्हणून कंपनीने दरमहा थोडी मदतही सुरू केली होती. पण त्या मदतीतून दर महिन्याला टॅक्स कापला जात होता, आणि अकाउंट्सवाल्यांनी सांगितलं होतं की तो घराचा टॅक्स आहे. हातात उरायचं त्यात मुलीच्या क्लासचं आणि घरचं भागेना. म्हणून दिराशी बोलून त्यांनी ठरवलं होतं की गावी जायचं. मुलगी परीक्षेपर्यंत रोज एसटीने ये-जा करेल.

"घर सोडलं की टॅक्स थांबेल ना?" त्यांनी विचारलं.

हे थोडं समजावून सांगायला हवं. कंपनीने नोकराला राहायला घर दिलं आणि भाडं घेतलं नाही, तरी कायद्याच्या नजरेत ते फुकट नसतं. घर हासुद्धा पगाराचाच भाग. म्हणून पगाराच्या ठरावीक हिश्शाएवढी त्याची किंमत धरतात, ती पगारात मिळवतात आणि त्यावर कर घेतात. माणूस नोकरीत असेपर्यंत हे बरोबर आहे. पण माणूस गेल्यावर?

वहिनींनी रुमाल सोडून फोन टेबलावर ठेवला. तो यजमानांचा फोन होता. त्या तो रोज चार्ज करत असत. दर महिन्याच्या शेवटी त्यावर कंपनीचा मेसेज यायचा. यजमानांचं नाव, त्यांचा नंबर, जमा झालेला पगार, घराची किंमत, कापलेला कर. आषाढानंतरच्या प्रत्येक महिन्याचा मेसेज तिथे होता.

काकूंनी चष्मा पुसला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

"ह्यांचं," वहिनी म्हणाल्या. इतक्या सहज, की यजमान दुसऱ्या पाळीला गेलेत आणि संध्याकाळी येतील असं वाटावं.

एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं, काकूंनी बोट आपणहून उचलून घेतलं. पुढे काही विचारलं नाही. वहिनींना पाणी दिलं, अर्ज दोन दिवसांनी करू म्हणाल्या आणि रिक्षापर्यंत सोडायला स्वतः खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वसाहतीवर गेलो. काकूंना स्कूटरची सवय नव्हती. मागे एका बाजूला बसून, मांडीवर फाइलची पिशवी घट्ट धरून, त्या मला प्रत्येक खड्डा आधी सांगत. तो खड्डा मला दिसत असे, पण मी "हो काकू" म्हणत असे.

आधी टाइम ऑफिस. तिथे हजेरी बघणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. काकूंनी विचारलं, या माणसाचं नाव पटावर अजून कसं? भाऊंनी मान खाली घातली नाही, काही नाही. सरळ सांगितलं. आम्हीच ठेवलंय. बिनपगारी रजेवर दाखवलंय. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय नाव कापायचं नाही असं डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं. आणि क्वार्टर पटावरच्या माणसालाच मिळते. नाव काढलं की यादीतला पुढचा माणूस किल्ली मागायला येणार. मग मदतीची रक्कमही त्यांच्याच कर्मचारी नंबरावर टाकली, म्हणजे वहिनींना वेळेवर मिळेल.

"मेलेल्या माणसाच्या नावावर?" मी विचारलं.

भाऊ माझ्याकडे बघून हसले. "तुमचं गाव कुठलं ओ? आमची घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते. आजोबा गेले ते माझ्या जन्माच्याही आधी. दरवर्षी भरतो, पावती आजोबांची मिळते. ग्रामपंचायतीने आजवर आजोबांना कधी त्रास दिला नाय."

खरं तर आमची घरपट्टीसुद्धा पणजोबांच्या नावाने येते. तुमच्यापैकीही अनेकांची येत असेल. आपल्याकडे माणूस जातो, पण घरावरचं नाव जात नाही. ते काढणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणं असं वाटतं. भाऊंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तेच केलं होतं. फक्त ते घरपट्टीच्या वहीत न करता पगाराच्या कॉम्प्युटरमध्ये केलं होतं. कॉम्प्युटरला वाटलं माणूस नोकरीवर आहे, रक्कम मिळते आहे, घर आहे. त्याने मुकाट्याने घराची किंमत धरली आणि कर कापला.

काकू स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "आजोबा पगार घेत नव्हते ना, भाऊ."

"ते नव्हते घेत."

"जमिनीला आणि घराला जुनं नाव चालतं. पगाराला नाही चालत. पगार जिवंत माणसाचाच." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही वाईट काही केलं नाहीत. पण तुमच्या मायेवर कर बसतोय."

भाऊंनी कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाले, "नाव काढतो, आत्ता काढतो. पण क्वार्टर गेली तर त्या पोरीचं काय, ते सांगा."

हाच खरा पेच होता. नाव ठेवलं तर कर, नाव काढलं तर घर. नाव काढल्याशिवाय फंडाचे पैसेही सुटत नव्हते. मी काकूंकडे पाहिलं. त्या उठल्या आणि मॅनेजरच्या केबिनकडे चालू लागल्या.

मॅनेजर भला माणूस होता. तोंडी शब्द त्यानेच दिला होता. पण लेखी द्यायचं म्हटल्यावर तो अडला. नोकरीत नसलेल्या माणसाला क्वार्टर द्यायची आमच्याकडे तरतूद नाही, म्हणाला. कशावर सही करू?

"देऊ नये अशी तरतूद आहे का?" काकूंनी विचारलं.

त्याने अकाउंट्सच्या माणसाला बोलावलं. अशी काही नव्हती. काकूंनी टेबलावर पडलेल्या वसाहतीच्या नकाशातल्या त्या क्वार्टरवर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

"कंपनीचं," मॅनेजर म्हणाला.

"मग झालं तर. इतके दिवस तुम्ही ते पगार म्हणून देत होतात, म्हणून त्यावर कर होता. नोकरी संपली त्या दिवसापर्यंतचा कर त्यांचा. तो वहिनी वारस म्हणून भरतील, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. त्या दिवसापासून पुढे पगार नाही. आता नुसतं द्या."

नुसतं द्या. मी अनेक वकील, अनेक मोठे हिशेबतपासनीस नंतर ऐकले, पण एवढ्या थोड्या शब्दांत कायदा कुणी सांगितलेला ऐकला नाही. वहिनी कंपनीच्या नोकर नव्हत्या, कधीच नव्हत्या. त्यांना मिळालेलं छप्पर हा कुणाचाही पगार होऊ शकत नव्हता. दरमहा मिळणारी मदत मात्र आता वहिनींचं स्वतःचं उत्पन्न धरावं लागणार होतं, पण ते एवढं नव्हतं की त्यावर कर बसावा. अकाउंट्सच्या माणसाने दोन शंका काढल्या, काकूंनी शांतपणे उत्तरं दिली, त्यालाही पटलं. मॅनेजर म्हणाला, वहिनींचा अर्ज आणा, त्यांच्या नावाने परीक्षेपर्यंतची परवानगी मी लेखी देतो. ती हातात पडली की मगच नाव काढा.

मग आम्ही क्वार्टरवर गेलो. दारावर यजमानांच्या नावाची पितळी पाटी, रांगोळीची जागा रिकामी. आत मुलगी टेबलावर पुस्तक उघडून बसली होती आणि आमच्याकडे न बघता ऐकत होती. काकूंनी सगळं वहिनींना समजावलं, अगदी वर्तमानपत्र वाचून दाखवावं तसं. मी अर्ज लिहायला घेतला. "मी, कैलासवासी अमुक यांची पत्नी" असं लिहिलं. काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कुणाचं? अर्ज कुणाचा आहे?"

"वहिनींचा."

"मग त्यांचं नाव कुठे आहे?"

मला त्यांचं नावच माहीत नव्हतं. मी विचारलं. वहिनी थोड्या बावरल्या, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वैशाली." मुलगी पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आई, पूर्ण सांग की."

अर्जात दोन गोष्टी होत्या. एक, परीक्षेपर्यंत मला या घरात राहू द्यावं. दुसरी, माझ्या पतीचं नाव नोकरीच्या पटावरून कमी करावं. वहिनींनी अर्ज वाचला. पहिल्या ओळीवरून सरसर गेल्या, दुसरीपाशी थांबल्या. पेन हातात होतं.

"मग मेसेज यायचा थांबेल?"

मला वाटलं काकू समजावतील. मशीन आहे ते, त्याला काय कळतं, आपण मनाला लावून घेऊ नये, असं काहीतरी. आपण सगळे तसंच बोललो असतो.

काकू म्हणाल्या, "थांबेल."

मग काकूंनी वहिनींच्या हातातून पेन काढून घेतलं आणि त्याचं टोपण लावलं. "आज सही नको. महिनाअखेरपर्यंत थांबू. आणखी एक येऊ दे. तो नीट वाचा. मग बघू."

"पण तोपर्यंत टॅक्स कापतील."

"कापू देत. तो आपण सरकारकडे परत मागू. ते माझं काम."

परत येताना मी स्कूटरवर म्हणालो, काकू, एक महिना उशीर झाला आणि मॅनेजरचं मन बदललं तर? काकू म्हणाल्या, "खड्डा आहे पुढे." बदलणार नाही हे त्यांना माहीत होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्यांना एवढं नक्की माहीत होतं की वहिनींच्या हातून त्या ओळीखाली त्या दिवशी घाईने सही होता कामा नये. घाईने झाली असती तर घर राहिलं असतं, पण वहिनींना जन्मभर वाटत राहिलं असतं की आम्ही त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं.

तो महिना मी धास्तावलेला होतो. महिन्याची पहिली तारीख उजाडली आणि ऑफिस उघडायच्या आधीच वहिनी जिन्यात उभ्या होत्या. अर्जावर सही केलेली. पूर्ण नाव, सावकाश काढलेल्या अक्षरात.

"आला काल," त्या म्हणाल्या. "वाचला. आता काढा."

काकूंनी मान हलवली. अर्ज हातात घेतला, पण यावेळी बोट कुठेही ठेवलं नाही.

मॅनेजरने शब्द पाळला. परवानगी वहिनींच्या नावाने आली, मग नाव निघालं. नाव काढल्यावर भाऊंनी काकूंना फोन केला. म्हणाले, काढलं, मी स्वतःच काढलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग म्हणाले, त्या घरपट्टीचंही बघायला ग्रामपंचायतीत गेलो होतो, तर ग्रामसेवक म्हणतो आता वडीलही गेलेत, म्हणजे तिन्ही भावांच्या आणि दोन आत्यांच्या सह्या आणा. आजोबाच बरे होते, काकू. काकू इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला.

मुलीने परीक्षा त्याच टेबलावर अभ्यास करून दिली. कापलेला कर रिटर्न भरून परत मागितला, तोही आला, थोडा उशिरा. मे महिन्यात वहिनींनी किल्ली स्वतः नेऊन दिली. दारावरची पितळी पाटी त्यांनी सोबत नेली. त्या दिवशी त्या ऑफिसात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. काकूंनी डब्यावर बोट ठेवलं. मी मनात म्हटलं, आता भाव करणार.

"हे कुणाचं?"

"माझ्या हातचं," वहिनी म्हणाल्या.

काकूंनी डबा उघडला आणि एक वडी तोंडात टाकली. पर्सकडे त्यांचा हात गेला नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांचे डोळे बिघडले. काचबिंदू होता, बरेच दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते असं. एक दिवस नेहमीप्रमाणे त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणाचं?" बोटाखाली काहीच नव्हतं. पांढरा समास होता. समोरचा माणूस गोंधळला. काकूंनी बोट तसंच ठेवून माझ्याकडे चेहरा वळवला.

"इथे काही नाही वाटतं?"

"नाही, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांनी कपाटं आवरायला घेतली.

आता त्या राजापूरच्या बाजूला, पुतण्या आणि सूनबाईंकडे गावी असतात. ऑफिस मला दिलं. जाताना एकच सांगितलं, की माझ्या नावाची पाटी उतरव आणि तुझी लाव. मी हो म्हणालो आणि उतरवली नाही. लोक यायचे, पाटी बघून वर यायचे, काकू दिसल्या नाहीत की घाबरून विचारायचे, "काकू गेल्या?" मी म्हणायचो, "गेल्या म्हणजे गावाला गेल्या ओ." प्रत्येक वेळी त्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि माझाही.

पुतण्याकडून त्या विचारत राहायच्या, पाटी काढली का. फोनवर बोलायला त्यांना कधीच आवडलं नाही, फोनवर माणूस घाईत असतो म्हणतात. शिवाय त्यांच्या कातळावर रेंज नसते. म्हणून मागच्या महिन्यात मी पत्र पाठवलं. ते इथे देऊन थांबतो.

*

ती. काकूंना सा. नमस्कार.

पत्र सूनबाई वाचून दाखवतील म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. सूनबाई, घाईने वाचू नका, त्यांना आवडत नाही.

तुमच्या डोळ्यांत औषध वेळेवर घालतात ना? पुतण्याला विचारलं तर तो हो म्हणतो, पण तो सगळ्यालाच हो म्हणतो.

तुमचे बागायतदार या वर्षीही पेटी घेऊन आले. तुम्ही इथे नाही हे कळल्यावर हिरमुसले. मी भाव करायचा प्रयत्न केला, पण मला तुमच्यासारखा जमला नाही, त्यांनी जास्तीच घेतले. आंबे एसटीने पाठवले आहेत.

वैशालीवहिनी मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. आता एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहेत. रिटर्न भरायला आल्या होत्या, स्वतःच्या नावाने. मी कागदावर बोट ठेवून विचारायच्या आतच म्हणाल्या, "हे माझं." मुलगी फार्मसीला आहे. यजमानांचा तो फोन आता मुलगी वापरते. जुने मेसेज पुसलेले नाहीत, पण वहिनी म्हणाल्या, आता मी रोज बघत नाही.

काकू, तुम्ही सांगितलेलं काम आज केलं. तुमची पाटी उतरवली. इतके दिवस का नाही केलं, ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. टाइम ऑफिसमधल्या भाऊंना मी मनातल्या मनात हसलो होतो, आणि मग स्वतःच तुम्हाला वर्षभर पटावर ठेवलं. तुम्ही पेन काढून घेतलं नसतंत, तर वहिनींनी त्या दिवशी सही केली असती. मला तुम्ही तसाच महिना दिलात, एकाचे बारा झाले तरी काही बोलला नाहीत. काल रात्री वाटलं, आता काढावी. सकाळी स्वतः स्क्रू सोडवले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

नवीन पाटी केव्हाची करून ठेवली होती, तीही लावली. माझं नाव, खाली बी.कॉम. बाबा मुंबईहून आलेत, लावण्याआधी त्यांनी ती हातात धरली आणि पुसली, जणू त्यांच्याच हाताने मळली. मी त्यांना म्हटलं, असं काय धरताय, शेजाऱ्याची असल्यासारखी. ते वाक्य कुणाचं ते त्यांना सांगितलं.

पाटी दाराच्या डाव्या बाजूला लावली. उजवीकडे, जिथे तुमची होती, तिथे भिंतीवर एक पांढरा चौकोन राहिला आहे. इतक्या वर्षांचं ऊन तिथे लागलेलं नाही. रंगारी म्हणाला, एक हात मारतो, दिसणार नाही. मी त्याला नको म्हटलं.

तुम्ही विचाराल, हे कुणाचं. पत्रातून सांगणार नाही. डोळ्यांच्या तपासणीला रत्नागिरीत याल तेव्हा जिना चढून वर या, मी तुमचा हात धरून भिंतीपाशी नेईन. चौकोनावर बोट ठेवा आणि विचारा.

तुमचा आज्ञाधारक